गिऱ्हाईक पाहून अल्गोरिदम: प्रत्येकासाठी शिफारशीची वेगळी पद्धत कशी निवडतात

गेल्या मार्गशीर्षात मावशीबरोबर लक्ष्मी रोडवर साड्या घ्यायला गेले होते. मावसभावाचं लग्न ठरलं होतं. दुकान जुनं, गादीवर पांढरी चादर, मागे भिंतभर कपाटं आणि मधोमध बसलेले एक काका, वय साठीच्या पुढचं. आमचा नंबर येईपर्यंत अर्धा तास मी त्यांच्याकडेच बघत बसले.

आधी कॉलेजच्या दोन मुली आल्या. ट्रॅडिशनल डेला नेसायला साडी हवी होती, पण कसली हवी ते सांगता येईना. काकांनी फार विचारलं नाही. "सध्या सगळ्या मुली खणाच्या नेतायत," असं म्हणत चार खणाच्या साड्या समोर टाकल्या. मग एक आजी आल्या. त्यांना पाहताच काकांचा हात वरच्या कप्प्यात गेला. "आजी, तुमची इरकल आली बघा. मागच्या वेळची होती तशीच, काठ जरा रुंद." त्यानंतर एक नवरी. तिची पैठणी आधीच ठरली होती. तिला काकांनी दुसरी साडी दाखवलीच नाही. त्या पैठणीचा पदर उलगडला आणि त्यावर एकामागून एक शेले धरून दाखवले.

गिऱ्हाइकं तीन आणि युक्त्याही तीन. मुलींना इतर काय नेतात ते सांगितलं, आजींना त्यांनी स्वतः पूर्वी काय नेलं ते, आणि नवरीला हातातल्या वस्तूवर काय शोभतं ते. काका साडी निवडून देत होतेच, पण त्याआधी आणखी एक निवड उरकत होते: या माणसासाठी साडी निवडायची कोणत्या रीतीने? मावशीशी ते काय बोलले ते पुढे सांगते, कारण तिला ते ओळखतच नव्हते.

ऑनलाइन दुकानातल्या 'तुम्हाला हेही आवडेल' या पट्टीमागे हाच प्रश्न असतो. मी याच कामात आहे आणि घरची मंडळी नेहमी विचारतात, की यातला सगळ्यात चांगला अल्गोरिदम (वस्तू निवडायची संगणकाची ठरलेली रीत) कोणता? प्रश्न साधा वाटतो, पण त्यात 'कुणासाठी?' हा शब्द राहून गेलेला असतो. तो घातला की उत्तरच बदलतं.

काकांच्या कपाटात काय काय आहे

सगळ्यात साधी पद्धत लोकप्रियतेची. जे सगळ्यात जास्त खपतं ते सगळ्यांना दाखवा. तिला नावं ठेवायची पद्धत आहे, पण नव्या माणसाबद्दल काहीच माहीत नसतं तेव्हा तीच कामाला येते. दुसरी तितकीच साधी: माणसाने स्वतः वारंवार घेतलेलं पुन्हा पुढे करणं.

तिसरी 'तुमच्यासारख्या लोकांना काय आवडलं' ही. हिला कोलॅबोरेटिव्ह फिल्टरिंग म्हणतात. हे नाव १९९२ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पार्क प्रयोगशाळेतल्या टॅपेस्ट्री या प्रणालीमुळे रुळलं. १९९४ साली ग्रुपलेन्स या संशोधनगटाने यूझनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावरच्या लेखांना वाचकांकडून गुण घेऊन ती आपोआप चालणारी करून दाखवली. अडचण एकच: माझ्यासारखे लोक शोधायचे तर मला प्रत्येकाशी ताडून बघावं लागतं. लाखो ग्राहक झाले की हा हिशेब आवरत नाही.

ॲमेझॉनने १९९८ मध्ये ही बाजू उलटी केली. माणसाशी माणूस जुळवण्याऐवजी वस्तूशी वस्तू जुळवली. जे लोक हे घेतात ते आणखी काय घेतात, याचा तक्ता आधीच तयार ठेवायचा, आणि ग्राहक आला की त्याच्या खरेदीतल्या वस्तूंच्या शेजारच्या वस्तू तक्त्यातून उचलायच्या. ग्रेग लिंडेन, ब्रेंट स्मिथ आणि जेरेमी यॉर्क यांनी २००३ मध्ये या पद्धतीवर निबंध लिहिला. त्या वेळी ॲमेझॉनचे ग्राहक २ कोटी ९० लाखांच्या वर होते. नवरीच्या पैठणीवर शेला धरणं हे याचंच रूप.

चौथी पद्धत जरा बारकाईने बघू. तिला मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन म्हणतात. नाव अवघड असलं तरी कल्पना तशी नाही. प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक वस्तूला पन्नास-शंभर आकडे चिकटवायचे. वस्तूचा एखादा आकडा 'भरजरी किती' असं काहीसं सांगतो आणि माणसाचा त्याच जागेवरचा आकडा 'भरजरीची आवड किती' ते सांगतो. जोड्या गुणून बेरीज केली की आवडीचा अंदाज मिळतो. हे आकडे कुणी हाताने लिहीत नाही आणि त्यांना नावंही नसतात. जुन्या खरेदीशी अंदाज जुळेपर्यंत संगणक ते थोडेथोडे हलवत राहतो. 'भरजरी' हे नाव मी समजण्यासाठी दिलं.

याशिवाय वस्तूच्या वर्णनावरून जुळवणाऱ्या पद्धती आहेत, गेल्या दहा मिनिटांतल्या क्लिकवरून अंदाज बांधणाऱ्या आहेत, खोल न्यूरल नेटवर्क (मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून सुचलेली, अनेक थरांची गणिती जाळी) आहेत. कपाट मोठं आहे.

सरासरीत काय लपतं

आता एक काल्पनिक हिशेब. समजा किराण्याच्या ॲपवर तीन ग्राहक आहेत: निवृत्त शिक्षिका, वसतिगृहात नुकताच आलेला विद्यार्थी आणि तान्ह्या बाळाची आई. प्रत्येकाला दहा वस्तू सुचवायच्या आणि त्यातल्या किती कामाच्या निघाल्या ते मोजायचं.

लोकप्रियतेच्या पद्धतीने शिक्षिकाबाईंना दहापैकी २, विद्यार्थ्याला ५, आईला २ वस्तू उपयोगी पडल्या. एकूण ९. 'स्वतःचंच जुनं' या पद्धतीने बाईंना ७, कारण त्या वर्षानुवर्षं तोच चहा, तीच डाळ घेतात. विद्यार्थ्याला १, कारण त्याला मागचं असं काही नाही. आईलाही १, कारण तीन महिन्यांपूर्वीची तिची खरेदी आता उपयोगाची नाही. हेही एकूण ९. 'तुमच्यासारखे लोक' या पद्धतीने बाईंना ३, विद्यार्थ्याला ३, आईला ६. एकूण १२.

कंपनीच्या बैठकीत हा तक्ता मांडला तर तिसरी पद्धत जिंकणार, आणि ती सगळ्यांना लागू होणार. आता ओळीओळीने बघा. बाईंसाठी ७ मिळत होते आणि आपण ३ दिले. विद्यार्थ्याला ५ मिळत होते, आपण ३ दिले. ज्याला जी योग्य ती पद्धत दिली असती तर ७ आणि ५ आणि ६ मिळून १८ झाले असते. १२ आणि १८ यांच्यातलं हे अंतर भरून काढायला नवा अल्गोरिदम लागत नाही. आहेत तेच नीट वाटायचे आहेत.

पण याच तक्त्यात एक धोकाही आहे. समजा वाटप चुकलं. बाईंना लोकप्रिय, विद्यार्थ्याला 'स्वतःचं जुनं', आईला मात्र बरोबर. तर २ आणि १ आणि ६ मिळून ९. म्हणजे काहीच न निवडता सगळ्यांना ती तिसरी एकच पद्धत दिली असती तर बरं झालं असतं. चुकीच्या माणसाला चुकीची पद्धत देण्याची किंमत मोठी असते आणि या विषयातली निम्मी कसरत तिच्यापायी असते.

संगणकशास्त्रात हा प्रश्न जुना आहे. जॉन राइस यांनी १९७६ मध्येच 'अल्गोरिदम निवडीचा प्रश्न' या नावाने तो मांडला होता: समोरच्या उदाहरणाच्या खुणा बघून त्या उदाहरणासाठी अल्गोरिदम निवडायचा. शिफारशींच्या जगात हे उदाहरण म्हणजे एकेक माणूस.

दहा लाख डॉलरची स्पर्धा

यातला सगळ्यांत मोठा धडा खरेदीतून मिळाला नाही, चित्रपटांतून मिळाला. २ ऑक्टोबर २००६ रोजी नेटफ्लिक्सने जाहीर केलं, की कोणता प्रेक्षक कोणत्या चित्रपटाला किती गुण देईल, याचा आमच्या सिनेमॅच या प्रणालीपेक्षा १० टक्के जास्त अचूक अंदाज करणाऱ्याला १० लाख डॉलर देऊ. त्यांनी १० कोटींहून जास्त रेटिंग खुली केली: ४,८०,१८९ प्रेक्षक आणि १७,७७० चित्रपट. जगभरचे गट तीन वर्षं झटले. शेवटी सिनेमॅचची ०.९५२५ ही चूक ०.८५६७ वर आणून 'बेलकोर्स प्रॅग्मॅटिक केऑस' हा संघ जिंकला. सप्टेंबर २००९ मध्ये बक्षीस दिलं गेलं. 'दि एन्सेम्बल' या संघाची चूकही चार दशांश स्थळांपर्यंत अगदी तितकीच होती, पण त्यांची नोंद वीस मिनिटं उशिरा पोचली होती.

वीस मिनिटांचा किस्सा सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. जिंकणाऱ्यांकडे एक जादूचा अल्गोरिदम नव्हता. २००७ चं मधलं बक्षीस मिळालं तेव्हाच १०७ अल्गोरिदम एकत्र मिसळलेले होते. वेगवेगळे अल्गोरिदम वेगवेगळ्या ठिकाणी चुकतात, म्हणून मिसळण चांगली उतरते.

आणि 'दि एन्सेम्बल'मधल्या काही जणांनी या मिसळणीत एक पाऊल पुढे टाकलं. साध्या मिसळणीत प्रमाण ठरलेलं असतं, म्हणजे याचे तीस टक्के, त्याचे वीस टक्के. त्यांनी हे प्रमाणच समोरच्या माणसाप्रमाणे आणि चित्रपटाप्रमाणे बदलतं ठेवलं. या प्रेक्षकाने आतापर्यंत किती चित्रपटांना गुण दिलेत यासारख्या गोष्टींवरून कुणावर किती भार टाकायचा ते ठरतं. पाच चित्रपट बघितलेल्याचा अंदाज एका पद्धतीच्या भरवशावर, पाचशे बघितलेल्याचा दुसऱ्या. लक्ष्मी रोडवरचे काका जे करत होते, ते इथे समीकरणात आलं.

नेटफ्लिक्सने १०७ मधले दोनच अल्गोरिदम प्रत्यक्ष वापरात घेतले. शेवटची विजेती मिसळण बसवायला लागणाऱ्या कष्टांच्या मानाने फायदा कमी आहे, असं त्यांनी २०१२ मध्ये लिहिलं. मला तो निर्णय पटतो. अचूकतेचा तिसरा दशांश सुधारला म्हणून संध्याकाळी थकून टीव्हीसमोर बसलेल्या माणसाची निवड सोपी होतेच असं नाही.

यंत्र हे शिकतं कसं

आता खरेदीकडे येऊ. इन्स्टाकार्ट या अमेरिकेतल्या किराणा पोचवणाऱ्या कंपनीने २०१७ मध्ये ३० लाखांहून जास्त ऑर्डरींचा डेटा खुला केला. २ लाखांहून जास्त ग्राहक, प्रत्येकाच्या ४ ते १०० ऑर्डरी. त्यात सगळ्यांत जास्त वेळा मागवलेली वस्तू केळी. आणि ऑर्डरींमधल्या सुमारे ५९ टक्के वस्तू त्या त्या ग्राहकाने आधीही घेतलेल्या होत्या. किराण्यात 'स्वतःचंच जुनं' ही साधी पद्धत किती भारी पडते ते या एका आकड्यावरून कळतं. पुस्तकांच्या दुकानात हीच पद्धत निरुपयोगी आहे. वाचून झालेली कादंबरी कुणी दर महिन्याला घेत नाही.

अशा डेटावर निवडणारं यंत्र घडवायचं तर पहिली पायरी म्हणजे प्रत्येक ग्राहकाची शेवटची ऑर्डर झाकून ठेवायची. तिच्या आधीचं सगळं कपाटातल्या, समजा, पाच पद्धतींना द्यायचं आणि प्रत्येकीला विचारायचं, की पुढे हा काय घेईल? मग झाकण उचलायचं आणि पाचही जणींना गुण द्यायचे. आता प्रत्येक ग्राहकापुढे पाच गुण आहेत.

दुसऱ्या पायरीला त्या ग्राहकाच्या खुणा लिहायच्या. आतापर्यंत किती ऑर्डरी? त्यातल्या किती टक्के वस्तू पुनःपुन्हा घेतलेल्या? किती प्रकारच्या विभागांतून खरेदी होते? जे घेतो ते सर्वसाधारण आहे की दुर्मीळ? दोन ऑर्डरींमध्ये किती दिवस जातात? मागची ऑर्डर कधीची? या खुणा झाकलेल्या ऑर्डरीच्या आधीच्या माहितीवरूनच काढाव्या लागतात. शेवटची ऑर्डर चुकून हिशेबात आली तर यंत्राने उत्तरपत्रिका आधीच पाहिली असं होतं. कागदावर भरघोस गुण पडतात आणि प्रत्यक्षात शिफारशी फसतात. ही चूक मी अनुभवी माणसांच्या हातून झालेली पाहिली आहे.

तिसऱ्या पायरीला मशीन लर्निंग येतं. खुणांवरून गुण ओळखायला यंत्राला शिकवायचं. सगळ्यांत समजायला सोपं रूप म्हणजे निर्णयवृक्ष. त्याच्या फांद्या साधारण अशा फुटतात: पाचपेक्षा कमी ऑर्डरी असतील तर लोकप्रिय वस्तू. जास्त असतील तर बघा, निम्म्याहून जास्त वस्तू पुनःपुन्हा घेतल्या जातात का? असतील तर 'स्वतःचं जुनं'. नसतील तर 'तुमच्यासारखे लोक'. प्रत्यक्षात असे शेकडो छोटे वृक्ष एकमेकांच्या चुका दुरुस्त करत एकत्र काम करतात. सीमारेषा कुठे मारायची, पाचवर की आठवर, ते माणूस ठरवत नाही, डेटा ठरवतो.

इथे एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट आहे. यंत्राला 'या ग्राहकासाठी विजेता कोण?' असं विचारू नये. 'प्रत्येक पद्धतीला किती गुण मिळतील?' असं विचारावं. कारण एका ग्राहकाबाबत पहिला आणि दुसरा यांच्यात अर्ध्या गुणाचा फरक असतो, तर दुसऱ्याबाबत सहा गुणांचा. फक्त विजेत्याचं नाव शिकवलं तर यंत्राला दोन्ही चुका सारख्याच वाटतात. अर्ध्या गुणाची चूक झाली तर बिघडत नाही. सहा गुणांची मात्र टाळायलाच हवी.

मागाहून शहाणपण

आता तो १८ चा आकडा परत आठवा. प्रत्येकाला अचूक पद्धत दिली असती तर इतकं मिळालं असतं, असा हिशेब संशोधनातही करतात. निकाल आधीच माहीत असलेला एक काल्पनिक सर्वज्ञ धरतात आणि त्याने किती मिळवलं असतं ते मोजतात. आकडा नेहमी डोळे दिपवणारा येतो. त्यावर भाळण्याआधी एक प्रयोग मनातल्या मनात करून बघा.

तीन मित्रांना प्रत्येकी दहा नाणेफेकींचे अंदाज करायला सांगा. कुणालाच काही कळत नसतं, सरासरी प्रत्येकाचे पाच बरोबर येणार. पण निकाल लागल्यावर तिघांतला सगळ्यांत जास्त गुणांचा निवडला तर बहुतेक वेळा सहा किंवा सात मिळतील. पुढच्या दहा फेकींना दुसराच कुणी पुढे असेल. या 'सर्वज्ञा'ने मिळवलेल्या जादा गुणांत ज्ञान काहीच नाही. तीन जण होते, त्यांच्यातला भाग्यवान मागाहून शोधला, इतकंच. शिफारशींतही एकेका ऑर्डरीवर मोजलं तर हेच होतं. एखाद्या पद्धतीचा अंदाज त्या दिवशी योगायोगाने लागलेला असतो. म्हणून १२ ते १८ हे सगळं अंतर गाठता येण्यासारखं नसतं. त्यातलं काही खरं असतं आणि काही नाणेफेकीचं.

मिनेसोटा विद्यापीठाच्या मायकल एक्स्ट्रँड आणि जॉन रीडल यांनी २०१२ मध्ये तपासलं, की अल्गोरिदम खरंच वेगवेगळ्या ठिकाणी चुकतात का. चुकतात, असं दिसलं. पण कोण कुठे चुकणार हे आधी ओळखता येणं ही वेगळी गोष्ट. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये चित्रपटांच्या डेटावर निवडणारं यंत्र बनवून पाहिलं. सर्वज्ञाचा आकडा पुष्कळ पुढे होता. पण त्यांचं निवडणारं यंत्र सगळ्यांत चांगल्या एकट्या अल्गोरिदमलाही मागे टाकू शकलं नाही. असे निकाल प्रसिद्ध करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पुढच्याने कुठे पाय जपून टाकायचा ते त्यांच्यामुळे कळतं.

यावरचा उपाय साधा आणि फार उपयोगी आहे. सरासरीत जिंकलेली पद्धत हा सगळ्यांचा मुक्काम धरायचा. यंत्राला एखाद्या ग्राहकाबद्दल पक्की खात्री असेल आणि फरकही मोठा दिसत असेल तरच त्याला तिथून हलवायचं. खात्री नसेल तर मुक्काम सोडायचा नाही.

साध्या पद्धतींना कपाटात जागा हवीच, याचं आणखी एक कारण आहे. मॉरिझिओ फेरारी डाक्रेमा, पाओलो क्रेमोनेसी आणि डीटमार यानाख यांनी २०१९ मध्ये नामांकित परिषदांत छापून आलेले १८ नवे न्यूरल अल्गोरिदम पुन्हा चालवायचा प्रयत्न केला. बेताच्या कष्टांत ७ च पुन्हा चालले आणि त्यातल्या ६ जणांना नीट बसवलेल्या जुन्या साध्या पद्धतींनी बरेचदा हरवलं. नवं यंत्र आणण्याआधी जुनं नीट बसवलं होतं का, हा प्रश्न म्हणून मी प्रत्येक वेळी विचारते.

जुन्या नोंदींत न दिसणारं

झाकलेल्या ऑर्डरीच्या पद्धतीत एक मूळचीच खोट आहे. दुकानाने जे दाखवलं त्यातलंच ग्राहकाने घेतलं. जे कधी दाखवलंच नाही ते त्याला आवडलं असतं की नाही, याची नोंद कुठेच नसते. त्यामुळे जुन्या डेटावर परीक्षा घेतली की तो डेटा ज्या अल्गोरिदमच्या काळात जमला, तोच हुशार वाटतो.

त्यासाठी प्रत्यक्ष करून बघावं लागतं. नेहमीची वाट म्हणजे ए/बी चाचणी: निम्म्या ग्राहकांना एक पद्धत, निम्म्यांना दुसरी. पण तिचं उत्तर पुन्हा सरासरीतच येतं, आणि चाचणी चालू असेपर्यंत निम्म्या लोकांना कमअस्सल पद्धत सोसावी लागते.

दुसरी वाट बॅंडिट नावाची. नाव आलंय जुगाराच्या यंत्रावरून: अनेक दांडे, प्रत्येकाचा फायदा वेगळा, आणि तो ओढून बघितल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे प्रत्येक पद्धत म्हणजे एक दांडा. विल्यम थॉम्प्सन यांनी १९३३ मध्ये यावर सुचवलेली युक्ती आजही वापरली जाते. त्यांच्यापुढे प्रश्न औषधोपचारांचा होता: दोन उपचारांतला कोणता बरा हे शिकताशिकता रुग्णांना कमीत कमी वाईट उपचार कसा मिळेल?

जवळून बघू. समजा पहिली पद्धत १,००० वेळा दाखवली आणि २५० वेळा खरेदी झाली. दुसरी १० वेळा दाखवली, ३ वेळा झाली. पहिलीचा दर २५ टक्के आणि तो पक्का. दुसरीचा ३० दिसतो, पण दहाच वेळांवरून; खरा दर १५ ही असेल, ५० ही असेल. थॉम्प्सनच्या रीतीत दोघींच्या नावाने एकेक चिठ्ठी काढायची. पहिलीच्या डब्यात २४, २५, २६ अशाच चिठ्ठ्या. दुसरीच्या डब्यात १० पासून ५५ पर्यंत सगळ्या. जिची चिठ्ठी मोठी निघाली ती पद्धत या वेळी दाखवायची आणि काय झालं ते नोंदून डबा सुधारायचा. दुसरीला अशा बऱ्याच संधी मिळतात. ती खरंच चांगली असेल तर तिचा डबा वर सरकतो, नसेल तर चिठ्ठ्या लहान होत जातात आणि ती आपोआप मागे पडते. न अजमावलेल्याला संधी देणं आणि चाललेल्यावर विसंबणं, दोन्ही एकाच कृतीत साधतं.

पण एकेका माणसासाठी वेगळे डबे ठेवले तर शिकायला आयुष्य पुरायचं नाही. वर्षातून बारा वेळा खरेदी करणाऱ्याकडून बाराच उत्तरं मिळतात. म्हणून खुणा पुन्हा मदतीला येतात. सारख्या खुणांच्या लोकांचं शिकलेलं एकमेकांच्या उपयोगी पडतं. २०१० मध्ये लिहाँग ली, वेई चू, जॉन लँगफर्ड आणि रॉबर्ट शापायर यांनी याहूच्या मुखपृष्ठावरच्या बातम्यांसाठी अशी पद्धत मांडली. वाचकाच्या खुणा न बघणाऱ्या बॅंडिटपेक्षा तिला १२.५ टक्के जास्त क्लिक मिळाले. तिथे निवड बातम्यांची होती, पण बातमीच्या जागी अल्गोरिदम ठेवला तरी गणित तेच राहतं.

'चांगलं' म्हणजे काय, हे कुणी ठरवायचं

दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या कंबरेची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मी एका ॲपवरून त्यांच्यासाठी वॉकर मागवला. सहा आठवड्यांत ते काठीवर आले, मग काठीही सुटली. पण ॲपने मला पुढचे कितीतरी महिने कमोडच्या खुर्च्या, मोठ्यांचे डायपर, पलंगाचे कठडे दाखवणं सोडलं नाही. वडील शेजारी बसलेले असताना फोन उघडायचा मला संकोच वाटायचा. 'याच्यासोबत लोक काय घेतात' ही पद्धत पहिल्या आठवड्यात अगदी बरोबर होती आणि तिच्यामुळे एक आवश्यक वस्तू मिळालीही. चूक एवढीच, की माझ्यासाठी ती निवडणाऱ्या यंत्राने पुन्हा वळून पाहिलं नाही.

म्हणजे 'या माणसासाठी ही पद्धत' हा निवाडा एकदाच करून भागत नाही. तोच माणूस महिन्याचा किराणा भरताना एक असतो आणि आजारपणात दुसरा. शेवटची खरेदी किती जुनी आहे आणि दाखवलेल्याकडे तो सलग किती वेळा दुर्लक्ष करतोय, या दोन खुणा माझ्या मते ऑर्डरींच्या संख्येपेक्षाही मोलाच्या आहेत.

मोजमापही त्यातच आलं. क्लिक मोजले तर यंत्र कुतूहल चाळवणाऱ्या वस्तू निवडेल. विक्री मोजली तर महागड्या. परत आलेल्या वस्तू वजा केल्या, तीन महिन्यांनी ग्राहक पुन्हा आला का हे मोजलं, तर निवड बदलते. यंत्र आपल्याला हवं ते शिकत नाही, आपण मोजतो ते शिकतं.

आणि आपल्याकडे आणखी एक अडचण. एका खात्यावर घर चालतं. माझ्याच खात्यावरून आईची पूजेची सामग्री, भाच्याची रंगपेटी आणि माझी पुस्तकं येतात. यंत्राला यातून एकच विचित्र माणूस दिसतो. त्याच्या खुणा काढून त्याच्यासाठी पद्धत निवडणं म्हणजे तिघांच्या चपलांच्या मापांची सरासरी काढणं. अशा वेळी आत्ता, या घडीला काय शोधलं जातंय त्यावर चालणारी पद्धत बरी. इतिहास जितका मिसळलेला, तितकं त्याचं वजन कमी.

नाहीतर सरळ विचारावं. लक्ष्मी रोडवर मावशीचा नंबर आला तेव्हा काकांनी एकही घडी उघडली नाही. आधी विचारलं, "ताई, नेसायला की द्यायला?" मावशी म्हणाली, "द्यायला. विहिणीकडच्यांना." लगेच त्यांनी समोरचा गठ्ठा बाजूला सारला आणि मागच्या कपाटातून आहेराच्या साड्या काढल्या, एकाच भावाच्या, सगळ्या रंगांत. तो एक प्रश्न मावशीच्या दहा वर्षांच्या खरेदीच्या नोंदींतून सुटला नसता. ऑनलाइन दुकानात 'स्वतःसाठी की भेट द्यायला?' अशी दोन बटणं ठेवायला काही खर्च नाही. तरी ती क्वचितच दिसतात.

युरोपीय संघात तर कायद्यानेच ग्राहकाच्या हाती एक कळ दिली आहे. तिथल्या डिजिटल सेवा कायद्याप्रमाणे, युरोपात दरमहा साडेचार कोटी किंवा त्याहून जास्त वापरकर्ते असलेल्या मंचांना वैयक्तिक माहितीच्या आधाराने न चालणारा शिफारशीचा निदान एक पर्याय द्यावा लागतो. कुणी नको म्हटलं तर त्याच्यासाठी पद्धत निवडायचा प्रश्न तिथेच संपतो.

छोट्या दुकानाने काय करावं

हे सगळं वाचून घरून मसाले किंवा हातमागाचे कपडे ऑनलाइन विकणाऱ्यांना वाटेल, की हे आपलं काम नाही. दोन-तीन हजार ग्राहक असतील तर न्यूरल नेटवर्क नकोच. तीन पद्धती पुरतात: सध्या काय खपतंय, या ग्राहकाने आधी काय घेतलंय, आणि टोपलीतल्या वस्तूबरोबर इतर काय घेतात. हे तिन्ही साध्या तक्त्यात मोजता येतं. निवडही दोन प्रश्नांत होते. टोपलीत काही आहे का? असेल तर तिसरी पद्धत. नसेल तर, हा ग्राहक तेच तेच परत घेणारा आहे का? असेल तर दुसरी, नाहीतर पहिली. या नियमाचे महिन्याचे आकडे आणि सगळ्यांना एकच पद्धत दिली असती तर आले असते ते आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. नियम जिंकत नसेल तर तो काढून टाकायचा.

फक्त एक काम पहिल्या दिवसापासून करायचं. दर शंभरातल्या पाच भेटींना पद्धत चिठ्ठी टाकून निवडायची आणि 'ही चिठ्ठीने निवडली' अशी नोंद ठेवायची. कोणती पद्धत कुणाला खरंच लागू पडते हे पुढे त्याच पाच भेटी निःपक्षपातीपणे सांगतील, कारण बाकीच्या पंचाण्णव आपल्याच नियमाने रंगलेल्या असतात. दिवाळीच्या आठवड्यात विक्री जोरात असते, तेव्हा ह्या पाच बंद करायचा मोह होतो. त्या आठवड्यात त्या चालूच ठेवाव्यात. वर्षभर स्वतःपुरतं घेणारा ग्राहक तेव्हा दुसऱ्यांना द्यायला घेत असतो, आणि त्याच्यासाठी श्रावणात ठरवलेली पद्धत त्या आठवड्यात चालत नाही.